पहाटेपासूनची साक्ष

बाईंनी माझ्या तोंडात आडवा खडू घातला आणि म्हणाल्या, "आता हंबर."

सातवीचा वर्ग. सगळ्या मुली माझ्याकडे वळून बसलेल्या. बाई धड्यातली गोष्ट वाचत होत्या आणि मी त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे हळूच "हं" म्हणत होते. एवढाच गुन्हा. "म्हशी, गोठ्यात बसलीस का?" बाईंनी विचारलं. मग सगळ्या वर्गाकडून त्यांनी "हं, हं" करून घेतलं. मुली हसून हसून बाकांवर पडल्या. खडूची लाळ माझ्या हनुवटीवरून फ्रॉकवर गळत होती.

आम्ही सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या. आमच्यात कुणी काही सांगायला लागलं की समोरच्याने दर वाक्याला "हं" म्हणायचं. त्याला हुंकार देणं म्हणतात. गोष्ट असो, भांडण असो, मरणाची बातमी असो. हुंकार आला की सांगणारा पुढचं सांगतो. नाही आला की थांबतो. पुढे बोलणं म्हणजे ऐकणाऱ्याच्या अंगावर ढकलणं. हुंकाराविना माणूस फक्त मेलेल्याशी बोलतो. मयताला उचलायच्या आधी त्याच्या कानाशी बसून त्याला काय ते सांगतात, तेव्हा कुणी हं म्हणत नाही. आय म्हणायची, त्या वेळी अंगावर काटा येतो.

म्हणजे मी बाईंना मान देत होते. त्यांना ते कळलं नाही, आणि मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी हं म्हणणं सोडलं. घरीसुद्धा. आय काही सांगायला लागली की मी "कळलं, कळलं" म्हणून उठायची. तिचं तोंड एवढंसं व्हायचं. मला तिची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू?

घरी म्हणजे वसतिगृहात. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. नाशिकला द्वारकेजवळ एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. आय तिथे स्वयंपाकाला. तिच्या कामाच्या बदल्यात आम्हा दोघींना कोठीमागची खोली आणि माझी शाळा. आयचं काम गेलं तर माझी शाळा गेली, इतकं ते सरळ होतं. वर्गातल्या त्याच बाई वसतिगृहाच्या रेक्टर. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच पडलेला असायचा, वरची किरकोळ कामं करायचा.

मी नववीत गेले त्या वर्षी खाटांना ढेकूण फार झाले. भावाने कुठूनसं औषध आणलं, फवारायचा पंप आणला, आणि सगळ्या खाटा फवारून काढल्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मुली ओकायला लागल्या. एक, मग चार, मग पंगतच्या पंगत. आय आणि मी सगळ्यांच्या मागून जेवायचो, त्या दिवशी आमची ताटं वाढलीच नाहीत. कुंदा म्हणून सगळ्यांत लहान मुलगी होती, भीती वाटली की कोठीमागे येऊन माझ्याजवळ झोपायची. तिने तीन दिवस डोळे उघडले नाहीत. जगली ती, पण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की जगेल.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं होतं, की सैपाकीणबाईने काहीतरी घातलं. आदिवासी आहे, करणी-बिरणी करत असेल. ज्या मुली आयच्या हातची भाकरी मागून खायच्या, त्या तिला पाहून दार लावू लागल्या. बाई आमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला खडूपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं.

चौथ्या दिवशी संस्थेने चौकशी बसवली, जेवणाच्या हॉलमध्येच. फिनेलचा वास अजून गेला नव्हता. टेबलामागे संस्थेचे एक वयस्कर वकीलसाहेब, शेजारी लिहिणारे कारकून. भिंतीला टेकून बाई. दारात त्यांचा भाऊ. मला आयजवळ उभं केलं, तिचं बोलणं कळलं नाही तर सांगायला.

"काय झालं ते सांगा," साहेब म्हणाले.

आयने पदर सारखा केला. साहेबांना कळावं म्हणून ती जमेल तेवढी नाशिकची मराठी बोलत होती. "पाहाटचे उठले," ती म्हणाली. आणि थांबली.

साहेब गप्प. पंखा फिरत होता.

"चूल पेटवली." थांबली.

"थेट मुद्द्यावर या," साहेब म्हणाले.

आयने माझ्याकडे पाहिलं. आमच्यात सांगायचं ते पहिल्यापासून सांगायचं. मधलं सोडून शेवटावर उडी मारतो तो चोर. आणि हा एवढा मोठा माणूस तिला चोरासारखं सांग म्हणत होता. तिने पुन्हा धीर केला. "नळाला पाणी आलं. पिंप भरलं." थांबली.

साहेब माणूस वाईट नव्हते. हे मला आता कळतं. ते गप्प बसले होते ते तिला बोलू द्यावं म्हणूनच. त्यांच्या रीतीत ऐकणारा गप्प बसतो. आमच्या रीतीत गप्प बसणारा ऐकत नाही. आय चार माणसांसमोर उभी होती आणि एकही हुंकार येत नव्हता. मयताच्या कानाशी बसल्यासारखी ती हळू हळू बोलायला लागली, मग तेही बंद झालं.

"ही सारखी का थांबते?" साहेबांनी मला विचारलं.

मला ठाऊक होतं. सगळ्या हॉलमध्ये मला एकटीलाच ठाऊक होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या जिभेवर खडूची चव आली.

"माहीत नाही, साहेब," मी म्हणाले.

त्यानंतर आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या. त्या एका वाक्याइतकी नीच एकही नाही.

कारकुनाने लिहिलेलं वाचून दाखवलं. "सदर बाईस वारंवार विचारले असता त्या गप्प राहिल्या. सबब दोष त्यांना मान्य आहे असे दिसते." मग त्यांनी शाईची डबी उघडून आयपुढे सरकवली. आयला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं असेल. तिने निमूटपणे अंगठा शाईवर दाबला. अंगठा कागदाकडे निघाला.

मी तिचं मनगट धरलं.

"हं," मी म्हणाले.

आयने दचकून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत मी तिला हुंकार दिला नव्हता.

"हं," मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने.

तेव्हा आय बोलायला लागली. पुन्हा पहिल्यापासून! पाहाटचे उठले. हं. चूल पेटवली. हं. "तोंड बंद कर, म्हशी," बाई ओरडल्या. पिंप भरलं. हं. पोरींचा च्या टाकला. हं. माझा आवाज फाटत होता, पण आय आता थांबत नव्हती. बाईंचा भाऊ सैपाकघरात आला. हं. त्याच्या हातात तो पंप होता. हं. त्याने माझ्या पिंपात तांब्या बुडवला, पंप तिथंच धुतला, ते पाणी पिंपात पडलं. हं. मी म्हटलं, दादा, हे काय? हं. तो म्हणाला, काय नाय, पाणी हाय. हं. मी त्याच पाण्यात वरण टाकलं.

दारात आता भाऊ नव्हता.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "पोरगी पढवते आहे तिला. तुमच्या समोर." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "अशी साक्ष नोंदवता येत नाही," ते म्हणाले, "दुसऱ्याने मध्ये मध्ये बोलून दिलेली." कारकुनाने कागदाच्या तळाशी लिहिलं, अंगठा देण्यास नकार.

दिवस मावळायच्या आत आमचं बोचकं रस्त्यावर होतं. आयच्या अंगठ्याची शाई आठवडाभर गेली नाही. कागदावर मात्र ती लागली नव्हती.

आय पुढे द्राक्षाच्या मळ्यांत मजुरीला गेली. शाळा मी रडतखडत, बाहेरून पुरी केली. आता कचेऱ्यांबाहेर बसून डोंगरातून आलेल्या लोकांचे अर्ज, जबान्या लिहिते. लोक सांगतात, मी हं म्हणते आणि लिहिते. मोर्च्यांच्या फलकांवर हुंकार हा शब्द मी फार मोठ्या अक्षरांत पाहिला आहे. आमचा हुंकार एवढासा असतो. पण तो नसला तर माणूस तोंडातल्या तोंडात मरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आयची साक्ष मी लिहून काढली आहे. तिने सांगितली तशी, पहाटेपासून, एकेका हं सकट. एका शिकलेल्या माणसाने सुचवलं, हे हं काढून टाका, वाचायला सोपं जाईल. मी काढले नाहीत.

संस्थेच्या कार्यालयात ती तीनदा घेऊन गेले. तीनदा न घेता परत पाठवली. बाई आता तिथेच मोठ्या खुर्चीवर आहेत. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे, या वेळी आयला घेऊन. कागद द्यायचा नाही. बाईंच्या टेबलासमोर उभं राहून वाचायचा. पाहाटचे उठले, असं म्हणून मी थांबणार. बाईंनी हं म्हणेपर्यंत पुढचं वाक्य वाचणार नाही, आणि तिथून हलणारही नाही.