सौंसर खुर्द कोणाचं?

पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात तहसील म्हणून गेलं, त्या दिवशी आमचे हेमराजभाऊ जेवले नाहीत. त्यांची बायको सुमनवहिनी म्हणतात, दुःख जिल्ह्याचं नव्हतंच, साडूचं होतं. वहिनींच्या धाकट्या बहिणीचे यजमान भैय्याजी पांढुर्ण्यात राहतात. साडू जिल्ह्याच्या ठिकाणी आणि आपण तहसिलीत, हे कोणत्या स्वाभिमानी माणसाला सोसेल?

अशा दोघांना एका खेळात बसवायचं पाप हेमराजभाऊंच्या मुलीनं केलं. प्राजक्ता नागपूरला शिकते. दिवाळीत आली तेव्हा दोघांच्या मोबाईलवर तिनं राज्य वसवायचा खेळ टाकून दिला. एक पाळी याची, मग एक त्याची. सुरुवातीला प्रत्येकाला एकच गाव. धान्य साचलं की गावात माणसं वाढतात. वाढली की त्यातली काही बाहेर पाठवून नवं गाव बसवता येतं, पण तेवढी माणसं जुन्या गावातून कमी होतात.

हेमराजभाऊंची चार एकर संत्र्याची बाग आहे. नव्या कलमाला पाच वर्षं फळ धरू द्यायचं नाही, फूल दिसलं की खुडायचं, हा त्यांचा धर्म. राजधानीचं नाव सौंसर ठेवून त्यांनी तोच धर्म तिथेही लावला. कोठार बांधलं, विहीर खणली, तटबंदी केली. बाहेर मात्र एक माणूस पाठवला नाही. "झाड भरू द्या आधी," ते वहिनींना म्हणायचे, "मंग पाहा बहार!"

भैय्याजींनी आयुष्यात तुळशीपलीकडे काही लावलेलं नाही. त्यामुळे त्यांना कसलाच धर्म आड आला नाही. पाच माणसं झाली की दोन बाहेर, पुन्हा पाच झाली की पुन्हा दोन बाहेर. नदीकाठ गेला, टेकडी गेली. आणि एका सकाळी हेमराजभाऊंनी मोबाईल उघडला, तर सौंसरपासून सात चौकटींवर, नकाशातल्या एकुलत्या एक संत्र्याच्या चौकटीवर, भैय्याजींचं निळं निशाण! ती चौकट हेमराजभाऊंनी पहिल्या दिवसापासून हेरून ठेवली होती. रोज तिच्याकडे पाहून मगच ते चहा प्यायचे.

गावाचं नाव होतं 'सौंसर खुर्द'.

लगेच फोन गेला. "साडभाऊ, हे काय करून राहिले तुम्ही? संत्र्याच्या झाडाले पानं कोणत्या बाजूनं असतात, हे तरी ठाव हाये का तुमाले?"

"नाही ना साडभाऊ," भैय्याजी शांतपणे म्हणाले. "म्हणून तर तुमचं नाव देलं गावाले. आशीर्वाद ठेवा."

त्यानंतर हेमराजभाऊंचं बागेत लक्ष लागेना. संत्र्याला बहार आणायचा तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. पानं मलूल झाली की मग पाणी सोडायचं, झाड फुलून येतं. त्यांनी राजधानीला ताण दिला. कोठाराला कुलूप घातलं, शेतातली सगळी माणसं काढून तटबंदीवर लावली. तीन पाळ्यांत चार माणसं उपाशी मेली. प्राजक्ता फोनवर ओरडली, "बाबा, ते माणसं आहेत, झाडं नाहीत!"

"मलूल तर झाले होते ना बराबर," हेमराजभाऊ पुटपुटले.

आता त्यांना एकच आस उरली, संत्र्याची ती चौकट. आणि ती आपल्या पायानं चालत येईल असं दिसू लागलं. भैय्याजींनी गावं बसवली खरी, पण सांभाळली एकही नाही. सौंसर खुर्दमध्ये उपासमार लागली, लोक बिथरले. खेळाचा नियम असा की बिथरलेलं गाव जवळच्या राजाकडे जातं, आणि जवळचा राजा म्हणजे आमचे हेमराजभाऊ. गावावर आकडा दिसू लागला : दोन पाळ्या.

शनिवारी भैय्याजी स्वतः दारात हजर. "जामसांवलीले दर्शनाले आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

"दर्शनाले आले का धान्य मागाले?" हेमराजभाऊंनी विचारलं.

"दोन्हीले," भैय्याजी म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. "पाहा तर एकदा, काय झालं ते."

नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. वहिनी दारातून पाहत होत्या. त्या सांगतात, यांच्या मिशीत हसू मावत नव्हतं. पण त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि हसू गेलं. सहाच्या सहा माणसं खाणीत. संत्र्याच्या चौकटीवर कोणी नाही. शेजारून नदी वाहतेय आणि पाट नाही.

"अबे, असं ठेवते का कोणी बगीचा!" ते ओरडले. साडूला अबे-तुबे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच केलं. "नदी काय आंघोळीले ठेवली?"

"मले काय समजते त्याच्यातलं," भैय्याजी म्हणाले.

हेमराजभाऊंनी तीन माणसं खाणीतून काढून शेतावर लावली. एक संत्र्यावर. पाट काढायला घेतला. मग स्वतःचा मोबाईल काढून सौंसरच्या कोठारातलं धान्य तिकडे पाठवलं, पाच पाळ्यांचं. चहा निवून गेला. दोघांनी पाळी संपवली तेव्हा निशाणाखालचा आकडा पुसला गेला होता. निशाण निळंच होतं.

"बाप्पा, जादूच केली साडभाऊ तुम्ही," असं म्हणून भैय्याजी पाचच्या बसनं निघून गेले.

हेमराजभाऊंनी निवलेल्या चहाचे कप उचलले. "माह्या हातचं गाव, अन् निशाण त्याचं," ते वहिनींना म्हणाले.

आज सौंसर खुर्द साऱ्या नकाशात मोठं आहे. त्या शनिवारनंतर आठ दिवस हेमराजभाऊंनी साडूशी बोलणं टाकलं होतं. नवव्या दिवसापासून रोज सकाळी सहाला पांढुर्ण्याला फोन जातो. राम राम नाही, ख्यालीखुशाली नाही.

"उठले का? संत्र्यावरचा माणूस हलवला तं नाही ना? ...हलवला? कायले हलवला?"