साडूंचे कान आणि अक्काचा सूर

बीदरपासून कलबुर्गीपर्यंत जेवढं म्हणून काही वाजतं, करकरतं, शिट्टी मारतं किंवा आदळतं, त्या सगळ्याचा सूर आमच्या साडूंना ठाऊक आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणतो, त्यांची लेक अप्पा म्हणते. मैलूरला त्यांचं तूरडाळीचं दुकान आहे, पण डाळ हा जोडधंदा. खरं काम कानाचं. पत्र्याच्या डब्यात डाळ ओतली की ती पेटीच्या कोणत्या पट्टीत पडली हे ते सांगतात. मी पेटी काढून ताडून पाहिलंय, बरोबर निघतं. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले आणि कुकरची शिट्टी झाली. हातातला घास हातातच ठेवून म्हणाले, "काळी दोनला जरा कमी पडायलीय. शिट्टी बदला." आम्ही मुकाट्यानं बदलली. उदगीरच्या बसचा भोंगा, शेजारणीचा मिक्सर, देवळातली घंटा, कुणाचीच गय नाही. ठाणाकुशनूरला भजनात पेटी धरायला बसले की बुवा आधी यांच्या चेहऱ्याकडे बघतात आणि मग देवाकडे. मला तर या माणसाशेजारी बसून खोकायचीसुद्धा भीती वाटते.

या कानांच्या तडाख्यात सगळ्यात जास्त कोण सापडलं असेल तर त्यांची बायको, आमची अक्का. घराण्यात कुणाचीही हळद असो, लेकीला निरोप देण्याचं गाणं अक्कानंच म्हणायचं. गळा गोड, पण एका ओळीत तिचा नी हमखास घसरून कोमल व्हायचा. लगेच पुरुषांच्या बैठकीतून अण्णांचा आवाज यायचा, "अगं, कामून उतरायलीस तिथं?" अक्का हळदीचा हात झटकायची, हसायची आणि पुढच्या खेपेला त्याच जागी पुन्हा उतरायची. सगळी लग्नं अशीच पार पडली. मग अक्काच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. आणि त्यानंतर लगेच त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं.

आता हिच्या हळदीला गाणं कोण म्हणणार? अण्णांनी जाहीर केलं, गाणं कागदावर उतरवायचं आणि कलबुर्गीच्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घ्यायचं. ही मंडळी लिहिलेलं बघून वाजवतात. सुरांच्या ओळीवर इंग्रजी अक्षरं असतात, त्या अक्षराबरहुकूम गिटारवाला तीन-चार सूर एकदम छेडतो. त्याला कॉर्ड म्हणतात. अण्णांनी दुकानातल्या संगणकावर नोटेशनचं सॉफ्टवेअर घेतलं आणि एका हातानं डाळ जोखत दुसऱ्या हातानं सगळं गाणं उतरवलं. अडलं ते अक्काच्या त्या जागेवर. तिथं कोमल नीसाठी बी फ्लॅट हवा होता, म्हणजे बी अक्षर आणि शेजारी कोमल सुराची खूण. ती खूण काही केल्या येईना. एका बीच्या शेजारी दुसरा बी येऊन बसायचा, दोन्ही सारखेच दांडगे. माउसनं खूण ओढून आणावी तर ती भलत्याच ओळीवर जाऊन चिकटायची. मी म्हटलं, "अण्णा, राहू द्या की. तुम्हीच म्हणायचात ना, ती चूक आहे म्हणून?" माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूकच हाय. पण तिची हाय. ती गेली तर गाणं तिचं कसं ऱ्हाईल?"

शेवटी लेक आली आणि तिनं कीबोर्डकडे बघून कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाचं नाव बारक्या अक्षरात लिहिणं हा अपमान आहे, असं अण्णांचं ठाम मत. म्हणून बिलं कायम इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि अक्षरं लहान करणारं कॅप्स लॉकचं बटण कुणी चुकून दाबू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी! लेकीनं पट्टी सोलली, बटण दाबलं. "अप्पा, आधी मोठा बी, मग छोटा बी. झालं." तो छोटा बी आमच्या डोळ्यांदेखत आपोआप कोमल सुराची खूण झाला. अण्णांनी पडद्याला हात जोडले. मग संगणकाकडून ती ओळ वाजवून घेतली आणि डोळे मिटून मला म्हणाले, "आली बघा तुमची अक्का."

हळदीच्या दिवशी मांडवात तालीम सुरू झाली. त्या ओळीशी गिटारवाला पोरगा थांबला. "शेठ, हितं बी फ्लॅट बसत न्हाई. जी कॉर्ड मारतो, बघा कसं मस्त लागतंय." त्यानं जी छेडला आणि बायकांनी खुशाल माना डोलावल्या. अण्णा ताडकन उठले. "कागदावर हाय तेच वाजव." पोरगा म्हणाला, "पण बेसूर वाटायलंय, शेठ." जन्मभर हा शब्द दुसऱ्यांच्या तोंडावर फेकलेला माणूस, तो आता नुसता कागदावर बोट आपटत राहिला. तेवढ्यात हळद कालवणारी अक्का उठून आली आणि पिवळा हात गिटारवर ठेवून कुजबुजली, "बेसूर न्हाई, बाळा. त्या ओळीत लेक उंबरा वलांडती. तितं मायचा आवाज चढंल का? म्या मुद्दाम उतरत व्हते."

अण्णा तिच्याकडे वळले. "मग मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी कधी इचारलंच न्हाई. तुमी सांगतच व्हता."

संध्याकाळी गाणं वाजलं. ती ओळ आली, सूर उतरला, आणि हळदीनं माखलेली लेक अक्काच्या गळ्यात पडून रडली. आम्ही सगळेच रडलो. अण्णा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

लेक आता सासरी आहे. परवा मी मैलूरला गेलो. अण्णा डब्यात डाळ ओतत होते, गल्ल्यामागे अक्का बसली होती. सवयीनं मी विचारलं, "कोणता सूर, अण्णा?"

डबा खाली ठेवून ते म्हणाले, "तिला इचारा."