पात्याच्या पोटात

चिकटवलेल्या दोन वस्तू एकमेकींपासून सुटायला कुठून सुरुवात करतात आणि पुढे कशा सुटत जातात, याच्यामागे मी गेली बारा-तेरा वर्षं आहे. जळगावच्या कॉलेजात शिकवते, आणि उरलेल्या वेळात हेच काम कॉम्प्युटरवर करते. डिंकाच्या थराचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाची ताकद ठरवायची आणि भार वाढवत न्यायचा. तुकडा हरला की पडद्यावर लाल होतो. तडा म्हणजे माझ्यासाठी लाल ठिपक्यांची रांग. खरा तडा मी फक्त प्रयोगशाळेतल्या बोटभर पट्टीवर पाहिला होता.

मागच्या वर्षी साक्रीकडच्या एका पवनचक्कीचं पातं खाली उतरवलं, आणि तिथल्या इंजिनिअरनं मला बोलावून घेतलं. पोचले तेव्हा शेजारच्या शेतातल्या एक अक्का बांधावर उभ्या होत्या. बिघाड पहिल्यांदा त्यांनीच सांगितला होता.

"आखाजीपासून एकच पातं शिट्टी मारस," त्या मला अहिराणीत म्हणाल्या. "बठ्ठासना आवाज सारखा नही शे."

"अक्षय्य तृतीयेपासून सांगत होत्या की सगळ्या पात्यांचा आवाज सारखा नाही, आम्ही दोन महिने लक्षच दिलं नाही," इंजिनिअर ओशाळून म्हणाला.

पातं आडवं पडलं होतं. वरून एवढंसं दिसणारं ते जवळून एखाद्या बोगद्यासारखं होतं. फायबरची दोन लांब कवचं एकमेकांवर चिकटवून ते बनवतात, आत पोकळ. हेल्मेट घालून मी बुडाकडून, म्हणजे चक्कीला जोडतात त्या रुंद टोकाकडून, आत शिरले. आधी वाकून चालले, मग गुडघ्यांवर रांगले. घामानं कपडे अंगाला चिकटले होते. बॅटरी जरा वेळ बंद केली, आणि जिथे दोन्ही कवचं मिळतात त्या कडेला उजेडाची रेघ दिसली. केसाएवढी बारीक, हातभर लांब. बाहेरचं ऊन त्या फटीतून आत येत होतं.

मी तिथेच बसून राहिले. इतकी वर्षं जे लाल पाहिलं, ते असं उजेडाचं असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

"मॅडम, बऱ्या आहात ना?" बाहेरून हाक आली.

"आहे," म्हटलं, "जरा थांबा."

या पात्याचं माझं कॉम्प्युटरवरचं मॉडेल म्हणत होतं की तडा बुडाजवळ सुरू होईल. तो तिथे नव्हताच. दुसऱ्या दिवशी तो भाग कापून उघडला तेव्हा कारण दिसलं. डिंकात मुगाच्या दाण्याएवढी हवेची पोकळी राहून गेली होती, आणि तिच्याभोवती एकाबाहेर एक अशा कमानी उमटल्या होत्या. सुरुवातीला अगदी खेटून, पुढे लांब लांब. मोजल्या तर त्यांचे तीन ठळक पट्टे पडत होते.

"ही चक्की कधी बसवली?" मी विचारलं.

"तीन पावसाळे झाले."

आमच्याकडे वाऱ्याचा जोर पावसाळ्यात. तेव्हा तडा सरकत होता, वारा पडला की थांबत होता; एका पावसाळ्याचा एक पट्टा.

जळगावला परतल्यावर मी मॉडेलमध्ये ती पोकळी घातली आणि चक्कीवर नोंदलेला तीन वर्षांचा वारा जसाच्या तसा भरला. गणित पूर्ण व्हायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी पडद्यावर पोकळीभोवती कमानी होत्या. तीन पट्टे. मी त्या कुठेही हातानं रेखाटल्या नव्हत्या. कापलेल्या तुकड्याचा फोटो शेजारी धरला.

समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो वाकून दोन्ही ताडून पाहू लागला.

"जुळलं की," तो म्हणाला.

"जुळलं," मी म्हटलं. मग इंजिनिअरला फोन लावला आणि बाकीच्या पात्यांवर बुडाजवळ नाही, तर कवचांच्या सांध्यात याच जागी डिंकात पोकळी राहिली आहे का ते पाहायला सांगितलं.