सकाळची गोळी आणि बाबांची हाक

मी गाव सोडलं ते दोनदा सोडलं, आणि तेही एकाच सकाळी.

अंजनगावच्या एस.टी. स्टँडवर बाबा सोडायला आले होते. हातात केळीच्या पानात बांधलेली विड्याच्या पानांची जुडी, अकोल्याच्या घरमालकिणीसाठी. आमचा पानमळा. आमच्या घरून कोणी लग्नाला निघो की दवाखान्यात, पानं सोबत जाणारच. जुडी हातात देत बाबा एवढंच म्हणाले, "गजू, ध्यान ठेवजो." मी फार गंभीरपणे मान डोलावली आणि परतवाड्याच्या बसमध्ये जाऊन बसलो.

अकोल्याची बस शेजारीच उभी होती. पाटी मी वाचत होतो, खोटं नाही सांगत. पण परतवाड्याच्या बसच्या धुळकट काचेवर कोणीतरी बोटानं बैल काढला होता आणि त्या बैलाला पाच पाय होते. पाचवा पाय कशाचा, या विचारात मी त्या बैलाच्याच बसमध्ये चढलो. कंडक्टरला "एक अकोला" म्हणालो तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती. त्यानं माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पथ्रोटला उतरवलं.

परत आलो तर बाबा त्याच खांबाशी उभे. अकोल्याची पुढची बस लागली होती आणि खिडकीजवळच्या सीटवर त्यांचा चौकडीचा रुमाल पडला होता. जागा धरून ठेवलेली. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "आला? बस." झालं. मी येणार हे त्यांना माहीत होतं. मुलगा चुकीच्या गाडीत चढलाय हे पाहून ते ओरडत धावलेही असतील, पण मी त्या वेळी बैलात होतो, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

तुम्ही जे गावात राहिलात ते म्हणाल, अकोला काय परदेश आहे का? आणि तुम्ही जे पुण्याला, बंगलोरला, थेट अमेरिकेला गेलात ते तर हसालच. हसा. माझं स्थलांतर एका एस.टी.च्या तिकिटाचं. पण मळ्यात मी चप्पल बाहेर काढून शिरणारा पोरगा होतो, वेलीला पाय लागला तर नमस्कार करणारा. अकोल्यात बूट घालून लोकांच्या मांडवात शिरणारा व्हिडिओवाला झालो. ते अंतर मला अजून पार करता आलेलं नाही.

व्हिडिओवाला म्हणून माझी कीर्ती लवकर पसरली. एका लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा माझा कॅमेरा मांडवाच्या बांबूवर चढणाऱ्या मुंगळ्यावर होता. मुंगळा अप्रतिम आला. नवरीचे काका स्टुडिओत येऊन शांतपणे बसले आणि म्हणाले, "भाऊ, तुमी नवरीकडून होते का मुंगळ्याकडून?" पुढे ड्रोन आले, तर मी ड्रोन वर पाठवून खाली आणायला विसरलो. तो एका वडाच्या झाडात सापडला.

डोक्यात कायम स्टँड होता. सगळ्या गाड्यांची घोषणा एकदम, सुटत एकही नाही. आणि त्या कल्ल्यात एक आवाज बाबांचा: "गजू, ध्यान कुठी आहे तुयं?" बाबा होते तोवर त्या आवाजाकडे लक्ष देण्याची गरज पडली नाही; फोन लावला की खरा आवाज मिळत होता. मग एका सकाळी पानं खुडताना ते वाफ्याच्या कडेला टेकले आणि उठलेच नाहीत. त्यानंतर डोक्यातला आवाज फार स्पष्ट झाला. मी गाडी चालवताना, एडिटिंग करताना, दाढी करताना. माणूस गेला आणि त्याची हाक माझ्याकडे राहायला आली.

ताई अमरावतीला शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलांसाठी तिचं काहीतरी प्रशिक्षण झालं आणि ती फोनवर म्हणाली, "गजू, तिथं दिवसभर तुयंच वर्णन चालू होतं." तिनं मला धरून मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी लहानपणापासूनचं सगळं विचारलं, पाच पायांच्या बैलासकट. मग म्हणाल्या, एडीएचडी, लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. मी विचारलं, म्हणजे मी आळशी नाही? त्या म्हणाल्या, "ते वेगळं तपासावं लागेल."

पहिली गोळी घेतली त्या सकाळी स्टँड रिकामा झाला. खरं सांगतो, मी घाबरलो. पंखा बंद झाल्यावर कळतं ना की तो आवाज करत होता, तसं. एका लग्नाचं एडिटिंग सुरू केलं आणि संपवलं. संपवलं! आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कामाचा शेवट कसा दिसतो ते पाहिलं. संध्याकाळी आनंदात खाली चहाला गेलो, आणि चहावाल्यासमोर उभा असताना लक्षात आलं की दिवसभरात बाबा एकदाही बोलले नाहीत. गोळीनं गर्दी बाहेर काढली होती. गर्दीत ते पण होते.

बाकीचे त्रास सांगण्यासारखे आहेत आणि सांगतोच. तोंड कोरडं पडायचं, म्हणून काथचुना न लावता नुसतं पान चघळायचो. पानमळ्याचा असल्याचा एवढा एकच फायदा. छाती कधी धडधडायची, रात्री झोप यायची नाही. आणि भूक मेली. वऱ्हाडात भूक मेलेला माणूस म्हणजे संशयित. घरी गेलो की माय ताट वाढायची, झुणका, भाकर, वर तेल सोडलेला ठेचा, आणि मी भाकरीचा पापुद्रा काढून बसायचो. माय आधी स्वयंपाकावर रुसली, मग माझ्यावर, मग तिनं मीठ-मिरच्यांनी नजर उतरवली. मिरच्या चुलीत टाकल्या, धूर झाला, ठसका मात्र तिलाच लागला. "पाह्य किती जबर नजर हाय," असं ती खोकत खोकत म्हणाली.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं: आधी पोटभर न्याहारी, मग गोळी, चहा कमी, झोपेची वेळ पाळा, आणि गोळीचा जोर कमी वाटला तर मला सांगा, आपल्या मनानं काही करू नका. मी मान डोलावली. माझी मान डोलावण्याची पद्धत तुम्हाला आता ठाऊक आहे.

गोळी उतरायची संध्याकाळी. उतरताना चिडचिड व्हायची, डोकं जड, आणि मग हळूहळू एक-एक गाडी स्टँडवर परत लागायची. त्या गाड्यांतून एखाद्या दिवशी बाबा उतरायचे. मी गच्चीवर जाऊन वाट पाहू लागलो. शेजाऱ्यांना वाटलं, पोरगं प्रेमात पडलंय. मालकिणीनं तर माझ्या मायला फोन करून मुलगी कोण आहे ते शोधायला सांगितलं.

काही महिन्यांनी गोळी फिकी पडली. दुपारनंतरच कल्ला सुरू. काम पुन्हा अर्धवट राहू लागलं, एका वरातीत मी नवरदेवाऐवजी बँडवाल्याच्या मागे गेलो. शहाण्या माणसानं डॉक्टरांना फोन केला असता. मी नाही केला. कारण आता बाबा दुपारीच येऊ लागले होते. लोक औषध लागू पडावं म्हणून नवस बोलतात. मी ते लागू पडू नये म्हणून गप्प बसलो.

आणि मग मी माझ्या घराण्याला शोभेल असा शोध लावला. पानमळ्यात वेल वाढून वाढून टोकाला पानं बारीक येऊ लागली की ती उतरवतात. आधारावरून सोडून खाली घेतात, वेटोळं करून मातीत दाबतात, शेंडा तेवढा वर ठेवतात. वेल पुन्हा जोमानं फुटते. बाबा म्हणायचे, "वेलाले बी आराम लागते." मी म्हटलं, झालं तर मग. गोळीला आराम देऊ. नागपंचमीला घरी जायचं होतंच, त्याआधी काही दिवस गोळी बंद केली. डॉक्टरांना कशाला विचारायचं, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही वेली उतरवत आलो.

काय ते दिवस होते! झोप आली, भूक आली. घरी पोचलो तेव्हा मी म्हशीसारखा जेवलो आणि माय कृतार्थ झाली. मिरच्या उशिरा का होईना लागू पडल्या असं तिनं शेजारी सांगितलं. आणि बाबा सकाळपासून बोलत होते. अंगणात, आंघोळीला, भाकरी मोडताना. मी इतका सुखात होतो की मला भीती वाटायला हवी होती.

नागपंचमीला आमच्यात पानं खुडत नाहीत. मळ्यात जाऊन वेलीची पूजा करतात. मी मायला मोटरसायकलवर मागे बसवलं, तिच्या मांडीवर पूजेचं ताट, दूध, लाह्या. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागायचं वळण आलं आणि तेवढ्यात बाबांनी हाक मारली: "गजू, ध्यान कुठी आहे तुयं?" इतकी जवळून की मी मोठ्यानं उत्तर दिलं, "हो बाबा," आणि न पाहता रस्त्यावर चढलो.

ट्रकचा हॉर्न. मी हँडल फिरवलं ते कसं, माहीत नाही. गाडी उताराला लागली आणि कडेच्या चिखलात आडवी झाली. ट्रक शिव्या देत गेला. लाह्या सगळ्या तुरीच्या रोपांवर पांढऱ्या पडल्या होत्या. माय चिखलात बसली होती, गुडघा खरचटलेला, ताट मात्र हातात धरलेलं, रिकामं.

मी तिला उठवायला गेलो. ती उठली नाही. तिनं विचारलं, "कोनाशी बोलून राहिला होता?"

मी आधी गाडीचा ब्रेक, खड्डा, ट्रकवाला वगैरे सांगितलं. ती ऐकत राहिली. मग सांगितलं सगळं. गोळी, गच्ची, दुपारचे बाबा.

माय रडली नाही. पदरानं गुडघा पुसला. मग म्हणाली, "मले नाही कधी हाक मारत. इतके दिवस झाले." आणि थोड्या वेळानं, "काय म्हनतेत?"

"ध्यान कुठी आहे म्हणते. ध्यान दे म्हणते."

"मंग देत काहून नाही?"

तो माणूस मेल्यावरही मला एकच गोष्ट सांगत होता, आणि ती न करण्यासाठीच मी त्याला जवळ ठेवून घेतलं होतं.

मळ्यापर्यंत आम्ही गाडी ढकलत नेली. लाह्यांशिवाय पूजा झाली. वेलींच्या सावलीत माझा वेल उतरवण्याचा सिद्धांत मी मायला ऐकवला, म्हटलं निदान कौतुक तरी होईल. ती म्हणाली, "उतरवल्यावर मातीत दाबा लागते, रोज पानी द्या लागते. तू त उपटून फेकली लेका."

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. हाकेचंही. त्यांनी बारकाईनं विचारलं, आवाज कानानं बाहेरून येतो की आठवणीसारखा आतून. आतून, मी म्हणालो, गाणं अडकतं तसा. मग रक्तदाब पाहिला, झोपेचं विचारलं, चहाचं विचारलं. मी आकडा सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. निघालं ते असं, की गोळी एकटीच दमली नव्हती. मी तिला उपाशीपोटी, जागरणावर आणि चहाच्या पिंपावर राबवत होतो. त्यांनी गोळीचा प्रकार बदलला, वेळ बदलली. सुट्टी द्यायची तर मी सांगेन तेव्हा, म्हणाल्या, आणि त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही.

आता माय रोज सकाळी फोन करते. आधी "जेवला का?", मग "घेतली का?" हा क्रम ती चुकत नाही. बाबा कधी संध्याकाळी येतात, कधी येत नाहीत. आवाज पूर्वीइतका जवळचा राहिला नाही. कधीतरी मुद्दाम आठवायला गेलो तर शब्द येतात, सूर येत नाही. ते गोळीमुळे की नुसते दिवस गेल्यामुळे, हे डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. मी विचारलं होतं.

घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मला तो मळा आठवत नाही, मायची चूल आठवत नाही. एका सीटवर टाकलेला चौकडीचा रुमाल आठवतो.

सणाला घरी निघतो तेव्हा अकोल्याच्या स्टँडवर मी पाटी वाचतो. पूर्ण वाचतो. गोळी चढलेली असते, डोक्यात शांतता असते. खिडकीशी बसतो आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकतो. कोणी ना कोणी विचारतंच, "कोनी येऊन राहिलं का इथं?"

"हो," मी म्हणतो. "चुकीच्या गाडीत बसले. येतील."

वाटेतल्या अकोटपर्यंत जागा धरतो. तिथं गर्दी वाढते, लेकुरवाळ्या बाया उभ्या असतात. मग रुमाल उचलावा लागतो.