कोरड्यात पास झालेला थर्मामीटर

निखिलने थर्मामीटर माझ्या टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आपटला असता तर मी एवढी घाबरले नसते.

"सुनीता, हा तूच सिलेक्ट केला होतास ना?"

निखिल माझा बॉस. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, जन्म इथलाच, नॉर्थ कॅरोलायनाचा. मंडळाच्या गणपतीत तो मला मावशी म्हणतो आणि वाकून नमस्कार करतो. ऑफिसात मी सुनीता.

आमची कंपनी औषधं बनवते. माझं काम कॅलिब्रेशन, म्हणजे मापणाऱ्याचंच माप काढणं. प्लांटच्या टाक्यांमधले टेंपरेचर सेन्सर खरं बोलतात की थापा मारतात, हे मी तपासते. त्या महिन्यात माझी लॅब बंद करून हे काम बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं घाटत होतं. निर्णय निखिलच्या हातात. आणि नेमकं त्याच सुमारास त्याने सहज विचारलं होतं, घरी बीअर बनवायला कुठला थर्मामीटर घेऊ?

बॉसने सहज विचारलेलं काहीही सहज नसतं. मी तीन डिजिटल थर्मामीटर मागवले आणि ड्राय ब्लॉकमध्ये घातले. ड्राय ब्लॉक म्हणजे भोकं असलेला धातूचा ठोकळा. आपण सांगू तेवढाच तापतो. थर्मामीटरची सळई भोकात घालायची आणि दोन्ही आकडे जुळतात का बघायचं. एक पठ्ठ्या झटक्यात अचूक आकडा दाखवून मोकळा झाला. मी तो मिरवत निखिलच्या हातात दिला.

बीअरचं मर्म असं. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, साधारण सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. तेवढ्यात पिठाची साखर होते. पाणी फार गार पडलं तर काम अर्धवट राहतं. निखिलची बीअर ताकाच्या निवळीसारखी झाली, आणि ती त्याने हौसेने वरच्या दोन साहेबांना पाजली. त्यातल्या एकाने ग्लास उजेडात धरून आरपार बघितलं म्हणे.

"किचनमधला थर्मामीटर चुकतो," निखिल अगदी हळू म्हणाला, "मग प्लांटचं काय?"

मी त्याच्यासमोरच थर्मामीटर ड्राय ब्लॉकमध्ये घातला. आकडा तंतोतंत बरोबर. आता खरी पंचाईत. थर्मामीटर बरोबर, म्हणजे बॉस चूक. लॅब बंद पडायच्या महिन्यात हे वाक्य कोण उच्चारणार? मी एवढंच म्हटलं की पुढची बीअर बनवशील तेव्हा मला बघायला बोलव.

शनिवारी मी कॅरी गावात, त्याच्या घरच्या गॅरेजमध्ये हजर. लॅबमधला काचेचा थर्मामीटर टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा उराशी धरून नेला होता.

निखिलने माल्टचं पातेलं तयार केलं आणि माझा लाडका थर्मामीटर वायरीसकट आत सोडून दिला. थेट तळाला. स्क्रीनवर सदुसष्ट. वा! मग अडुसष्ट. सत्तर. त्र्याहत्तर. निखिलने सवयीने गार पाण्याचा जग उचलला.

"थांब," मी म्हणाले. बॉसशी बोलताना आवाज जेवढा असावा त्याहून जरा मोठ्यानेच.

काचेचा थर्मामीटर आत घातला. सदुसष्ट.

एक पातेलं, दोन थर्मामीटर, आणि मध्ये सहा अंशांची दरी. मला गुपित कळलं आणि मी गॅरेजमध्ये अक्षरशः व्याख्यान सुरू केलं. सळईत वायर शिरते तिथे एक सांधा असतो. तो वॉटरप्रूफ नव्हता. पाणी आत झिरपलं की या महाशयांचं डोकं फिरतं, आणि वाळले की ते पुन्हा शहाणे. माझ्याकडे यायचे ते वाळूनच. शिवाय ड्राय ब्लॉकमध्ये जाते फक्त सळई, सांधा राहतो बाहेर. थोडक्यात, पोहण्याची परीक्षा मी त्यांना काठावर उभं करून घेतली होती.

मी खूष. निखिल हसला नाही. त्याने जग खाली ठेवला.

"प्लांटचे सेन्सर आपण कसे टेस्ट करतो?"

"काढून आणतो. पुसतो. वाळवतो. मग..."

आमच्या टाक्या रोज गरम पाण्याने धुतात.

"मावशी," निखिल म्हणाला. गणपती अजून लांब होते. "आपले सगळे सेन्सर पास आहेत ना?"

"सगळे."

सोमवारी धुणं उरकताच आम्ही प्लांटमध्ये शिरलो. मी रबरी बूट घालून, निखिल माझ्यामागे सेन्सरचे आकडे दाखवणारा लॅपटॉप छातीशी धरून. टाकीजवळ जायचं, ओल्या सेन्सरशेजारी आपला थर्मामीटर लावायचा आणि श्वास रोखायचा. एक जरी चुकीचा निघाला, तर त्या टाकीतून गेलेलं औषध दुकानांतून परत मागवावं लागणार. आणि ते एव्हाना कोणाकोणाच्या पोटात गेलेलं असणार, हे आम्ही दोघंही मोठ्याने बोलत नव्हतो. पहिली टाकी बरोबर. दुसरी बरोबर. प्रत्येक वेळी मागून निखिलचा श्वास ऐकू येई.

एका ठिकाणी आकडा भरकटलेला निघाला. मी स्वतः पास केलेला सेन्सर. टाकी कुठली ते बघायलाही धीर होईना, शेवटी निखिलनेच पाटी वाचली. ढकलगाड्या धुवायच्या पाण्याची टाकी. औषधाशी संबंध नाही. आम्ही तिथेच पायरीवर बसलो.

लॅब बंद झाली नाही. कॉन्ट्रॅक्टरही सेन्सर काढून, वाळवूनच तपासणार होता. आता धुणं झालं की टाकीपाशी उभं राहून ओल्यातच तपासणी होते, आणि ती मी करते. नोकरी वाचली, पाय कायमचे भिजले. निखिलने नवा थर्मामीटर घेतला. जरा संथ आहे, पण सांधा पक्का बंद. बीअर चांगली झाली म्हणतात. मी एक घोट घेतला. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती सदुसष्ट अंशांवर झालेली होती एवढी खात्री देते.

मी पुन्हा सुनीता झाले आहे, म्हणजे सगळं आलबेल आहे.

थर्मामीटर किती अचूक आहे, हे दुकानदार न विचारताच सांगतो. तो भिजल्यावर काय करतो, हे मात्र आपण विचारायचं असतं. शक्यतो साहेबांना बीअर पाजण्याआधी.