आप्पांचा आवाज आणि कमी लाइट खाणारा डबा

मंडळी, आज घरच्या फोटो-व्हिडिओंच्या बॅकअपसाठी स्टोरेजचा डबा आणला. वायफायला जोडला की फोनमधले जुने व्हिडिओ थेट टीव्हीवर! दुकानात माझा एकच प्रश्न, "भाई, सगळ्यात कमी लाइट खाणारा कोणता?" चोवीस तास चालू राहणार ना. माझे वडील, आप्पा, असते तर मीटरसमोरच बसले असते.

संध्याकाळी आईला कोसाडच्या जुन्या घरातला व्हिडिओ लावून दिला. त्यात आप्पा मध्येच ओरडले, "पंखा बंद कर वं! तठे कोन शे?"

"हां, करस ना," म्हणत आई उठली आणि आतल्या रिकाम्या खोलीतला पंखा खरंच बंद करून आली.

परत आली तेव्हा व्हिडिओ संपला होता.

तुमच्या घरी असं ओरडणारं कुणी आहे ना अजून?