बर्फाच्या ढाळावर

यवतला हायवेच्या कडेला आम्ही गाडीची वाट बघत उभे होतो. दौंडहून येणारी गाडी आम्हाला मुंबईच्या विमानतळावर सोडणार होती. बॅगा आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खुटबावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणल्या. शेजाऱ्यांची जीप होती, पण आप्पांनी ऐकलं नाही. आत्या, माझ्या सासूबाई, सारखं एकच म्हणत होत्या, "दोन वर्सं म्हंजी उसाच्या दोन तोडी. बघता बघता जात्याल." आप्पा ट्रॅक्टरवरून खाली उतरलेच नाहीत. वरूनच ह्यांना म्हणाले, "संजय, तिथला ट्रॅक्टर आपल्यावानी न्हाई आसनार. आधी त्याचं आईक, मंग त्याला सांग." हे हसले. रांजणगावच्या कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर हे कितीतरी दिवसांनी असे मोकळे हसले होते.

तेव्हा यवतला आलेल्या सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखं कुठेतरी लांब जाऊन पडलेल्यांसाठी हे लिहितेय. फोनवर मला हे सांगता आलेलं नाही.

आम्ही कॅनडात एका सफरचंदाच्या बागेवर आलो. मालक म्हातारा, स्वभावाने बरा. राहायला त्यानेच घर दिलं, टेकाडावर. खाली गोडाऊन, मधे ढाळाचा रस्ता. हिवाळ्यात त्या रस्त्यावरचं बर्फ रोज सकाळी हटवायचं, नाहीतर गोडाऊनपर्यंत ट्रक येत नाही. त्यासाठी एक छोटा ट्रॅक्टर, पुढे बकेट लावलेला. पहिल्यांदा बघितला तेव्हा हे म्हणाले, "ह्यो तर लेकराचं खेळणं हाय." खुटबावात ह्यांनी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढून कारखान्यावर नेलेल्या. पावसाळ्यात चिखलातून, मागे माणसं ओरडत असताना, गाडी कधी फसू दिली नाही.

पण चिखल चाकाला धरून ठेवतो. बर्फ धरत नाही. हे आता मला कळतं.

ताजं भुसभुशीत बर्फ पडलं तर एवढं भ्यायचं कारण नसतं. ते थोडं वितळतं, वरून पाऊस पडतो आणि पुन्हा गोठतं, तेव्हा रस्त्यावर काचेसारखा थर बसतो. वरून रस्ता नुसता ओला दिसतो. मालकाने पहिल्याच हिवाळ्यात सगळं सांगितलं होतं. मागच्या चाकांना साखळ्या, मागे वजनाची पेटी, बकेट जमिनीलगत, कमरेला पट्टा, डोक्यावरची, ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान कायम उभी. गोडाऊनचं दार बुटकं असल्याने ह्यांनी कमान दुमडून ठेवलेली. ती दुमडली की, उलटताना उडी मारता यावी म्हणून, पट्टा लावायचा नसतो; तेव्हा तोही सुटा. रोज उचलायची, रोज पाडायची, ह्याचा कंटाळा. एवढंच. दारू नव्हती, घाई नव्हती, भांडण नव्हतं. माणूस कंटाळ्याने असा आयुष्यातून उठतो, हे मला अजून पटवून घेता येत नाही.

त्या सकाळी मी ओट्याशी भाकरी थापत होते. खिडकीतून ट्रॅक्टर ढाळाला लागलेला दिसला. मग तो नीट न जाता कलता जायला लागला. ह्यांचे दोन्ही पाय क्लचवर आणि ब्रेकवर एकदम गेले असणार. इतक्या वर्षांची सवय. क्लच दाबला की इंजिनाची धर सुटते, ब्रेक दाबला की चाकं जाम होतात, आणि मग ट्रॅक्टर ट्रॅक्टर राहत नाही. आडवा होऊन तो रस्त्याकडेच्या चारीत गेला आणि ह्यांच्या अंगावर उलटला.

मी धावले आणि दारातच आपटले. उभं राहता येईना. शेवटी बसून, हाताने सरकत, त्या ढाळावरून खाली गेले. हे शुद्धीवर होते. मला बघून म्हणाले, "सुनंदा, जवळ येऊ नको. त्यो आजून सरकतोय." मी गेले. त्यांचा हात धरून बसले. मालकाने ॲम्ब्युलन्स बोलावली, पण तीही वरच्या वळणावर थांबली. माणसं रस्त्यावर मीठ टाकत टाकत चालत खाली आली.

आता ह्यांना कमरेखाली काही कळत नाही. डॉक्टरांनी दुभाष्याला बोलावून, समोर बसून, सावकाश सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रस्ता साफ कोन करतंय आता?"

मीच करते. हिवाळ्याचं काम कुणीतरी केलं तर घर राहील, असं मालक म्हणाला. माझं माहेर कवठे येमाई. लग्नाआधी आबांनी, माझ्या वडलांनी, मला ट्रॅक्टर शिकवला होता, कांद्याच्या पिशव्या रानातून घरी आणण्यापुरता. लोक नावं ठेवायचे. आबा म्हणायचे, "उद्या उपेगी पडंल." आबा, उपयोगी पडलं, पण असं पडायला नको होतं.

आधी पायी जाऊन बुटाने रस्ता चाचपते. राख टाकते. साखळ्या, वजन, पट्टा, कमान बघते. फोर-व्हील टाकून सगळ्यात खालच्या गिअरमधे ढाळाला लागते आणि मग क्लचला पाय लावत नाही. इंजिनच ट्रॅक्टर धरून ठेवतं. ढाळावर आडवं जायचं नाही, वळायचं नाही. घसरलाच तर बकेट जमिनीला टेकवायची. हे सगळं मला येतं. पण सकाळी उठावंसं वाटत नाही.

मी खूपदा म्हटलं, चला खुटबावला परत. हे म्हणाले, "तिथं मला उचलून संडासला कोन नेनार? आप्पा? आन् पारावरची लोकं बघाया येत्याल रोज. मला न्हाई जायचं." घरी आम्ही सांगितलं होतं, पाय मोडलाय, बरा होतोय. व्हिडिओ कॉलवर ह्यांचा फक्त चेहरा दाखवायचा. आत्या विचारायच्या, चालाया लागला का? मी म्हणायचे, हळूहळू.

एक दिवस आप्पांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "सुनंदा, त्याला एकडाव हुभा ऱ्हायलेला दाखव. मंग म्या काय बी इचारनार न्हाई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान फिरवली. मी फोन खाली वळवला, चाकाच्या खुर्चीकडे, पायांकडे. आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मागून आत्यांचा आवाज आला, "काय झालं? मला बी दावा की." आप्पा म्हणाले, "काय न्हाई, रेंज गेली," आणि फोन बंद झाला.

त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मी केला तर आत्या उचलतात, पावसापाण्याचं बोलतात. आप्पांनी ट्रॅक्टर विकला, हे चुलत दिराकडून कळलं. मुलगा आल्यावर चालवेल म्हणून ठेवलेला होता तो. मी ह्यांना सांगितलं नाही.

खुटबावाला घर म्हणावं तर तिथे आमची वाट बघणं बंद झालंय. इथल्याला म्हणावं तर ते ट्रॅक्टर चालतोय तोवर आमचं. सकाळी मी निघाले की हे खुर्ची खिडकीपाशी घेतात. खाली गोडाऊनपाशी पोचले की मी वर बघून हात करते. हे हात करतात. तेवढंच घर उरलंय. पण अलीकडे कधी कधी ते हात करत नाहीत. नुसते माझ्याकडे बघत बसतात. मग मी तशीच थांबते, इंजिन चालू ठेवून, हात वर धरून.